दादांच्या पडद्यावरची नदी

आमच्या मालकांना सगळ्यांनी दादा म्हणायचं, असा त्यांचाच हुकूम आहे. "साहेब-बिहेब नको हं, आपण एक कुटुंब आहोत," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि सांगता सांगता त्याच्याच कपातला चहा उचलून एक घोट घेतात. माझ्या कपातून त्यांनी एकदाच घेतला. मी तो कप त्यांच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हापासून मी ऑफिसात तिखट म्हणून प्रसिद्ध आहे आणि माझा चहा शाबूत आहे.

आमच्याकडे खेळ बनतात, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर खेळायचे. मी ते बनवत नाही. मी वायरी, राउटर आणि सर्व्हर सांभाळते; नेट बंद पडलं की सगळ्यांना माझी आठवण येते, एरवी मी भिंतीचाच भाग असते. बनवणाऱ्यांत आहे ती माझी नणंद. घरात ती चिंगी, आणि ऑफिसातही आता चिंगीच, कारण तिनं एकदा भर मीटिंगमध्ये मला "वहिनी" अशी हाक मारली आणि मीही सवयीनं "काय गं चिंगे?" म्हणून ओ दिली. पुढं कुणी तिचं खरं नाव घेतलंच नाही.

चिंगीनं नदी केली होती. खेळ एका म्हाताऱ्या नावाड्याचा: माणसांना नावेत बसवायचं आणि पलीकडच्या काठाला नेऊन सोडायचं. नकाशा नाही, सूचना नाहीत. पाणी बघून ओळखायचं की इथं खाली खडक आहे, इथं भोवरा आहे, इथं उथळ आहे. म्हणजे नदी हाच खेळ. तिच्यापायी चिंगीनं माझी कणकेची परात पळवली, तिच्यात पाणी भरून शेजारी टेबललॅम्प लावला आणि तास न् तास पाण्यात बोट फिरवत बसली. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "आधी नदी तर वाहू दे." मी वैतागायचे. पण झाली तेव्हा नदी अशी झाली की टेस्टिंगच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर ती पहिल्यांदा लावली आणि आमचा झाडूवाला झाडू टेकवून उभा राहिला. "खडक त्या तिथं आहे ना?" त्यानं विचारलं. तिथंच होता.

आणि मग तो सोमवार.

दादांनी मीटिंगमध्ये आपला फोन सगळ्यांपुढं फिरवला. घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा त्यांनी फोटो काढला होता. पडदा इतका मळलेला की आधी बोटांचे तेलकट ठसे दिसत होते आणि त्यामागं कुठंतरी नदी. नदी कसली, करड्या चौकोनांची रांग.

"ही नदी आहे?" दादा म्हणाले. "मला तर खळ दिसतेय. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावायची खळ. खरं सांगतो, बघून मळमळलं मला."

चिंगीचा चेहरा उतरला. मला मात्र फोटो बघताच कळलं. दादांच्या घरी कन्सोल बाहेरच्या खोलीत असतो, पण तिथला टीव्ही त्यांच्या आईच्या ताब्यात. म्हणून दादा आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर खेळतात. खेळ चालतो बाहेरच्या कन्सोलवर आणि त्याचं चित्र घरातल्या वाय-फायवरून आत येतं. मी सांगितलं, "दादा, दोष नदीचा नाही. चित्र दाबून, चेपून पाठवलं जातं. जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, हललं तेवढंच पाठवायचं, अशी त्यातली युक्ती असते. भिंत पाठवणं सोपं, नदी तर अख्खी हलते. वाय-फाय कमी पडलं की बारीक लाटा आधी गळतात आणि असे चौकोन येतात. टेस्टिंगच्या खोलीत चला, वायरीवर बघा."

"त्या खोलीत मला सर्दी होते," दादा म्हणाले. "आणि गिऱ्हाईक घरी खेळतं, टेस्टिंगच्या खोलीत नाही. तू वायरी बघ. कला मला कळते." एवढं बोलून त्यांनी किल्लीनं कान कोरला, किल्लीच्या टोकाला काय आलं ते निरखून बघितलं आणि ते खुर्चीच्या हाताला पुसलं. ती खुर्ची माझी होती.

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हणजे आमचे कलेचे प्रमुख, पूर्वी चित्रकला शिकवायचे. नदी टेस्टिंगला लागली तेव्हा याच गृहस्थांनी चिंगीच्या पाठीवर थाप मारून "मला उभ्या जन्मात असं पाणी जमलं नसतं" असं म्हटलं होतं. आता त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, अर्धं तोंडात टाकलं आणि त्याच तोंडानं म्हणाले, "मलाही जरा खळीसारखंच वाटत होतं, दादा. म्हटलं, आपण कशाला बोला." बिस्किटाचा एक ओला तुकडा टेबलावर पडला. बाकीचे माना हलवत होते, बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारख्या. मला त्या सगळ्यांची शिसारी आली, आणि ती आजही गेलेली नाही.

दादांनी निकाल दिला. शुक्रवारपर्यंत नदी सुधारली तर ठीक, नाहीतर बाजारात विकत मिळतं ते तयार पाणी आणून लावायचं. "आणि मग चिंगीचं इथं काय काम, ते तिनंच मला सांगावं. मी काही कुणाला काढत नाही बुवा. आपण कुटुंब आहोत."

घरी माझ्या नवऱ्यानं, म्हणजे चिंगीच्या सख्ख्या भावानं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, त्याला हवं तसं पाणी करून द्या की. आपल्या बापाचं काय जातंय?"

"तुझ्या बापाचं नाही, तुझ्या बहिणीचं जातंय," मी म्हटलं. त्यावर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. चिंगी ताटात बोट फिरवत बसली. ती जेवलीही नाही धड.

मंगळवारी मी दादांना म्हटलं, तुमच्या घरी येऊन चित्र सुधारून देते. ते म्हणाले, "ये की, घर तुझंच आहे. पण आज नको, उद्याही नको, गुरुवारी बघू." मी चिंगीला ही बातमी द्यायला गेले तर ती जागेवर नव्हती. शोधत शोधत संडासापर्यंत गेले. आमच्या ऑफिसात संडासाच्या बाहेर जो अरुंद बोळ आहे तिथं वाय-फाय जेमतेम पोचतं. मीच कितीदा म्हटलंय, तिथं एक जादा यंत्र लावू या, पण दादा म्हणतात की लोक मग आत जाऊन बसतील. त्या बोळात, फिनेलच्या आणि फिनेल ज्याच्यावर टाकतात त्याच्या वासात, चिंगी प्लॅस्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. टेस्टिंगच्या कन्सोलवरचं चित्र ती मुद्दाम तिथं मागवत होती.

"इथं काय करतेस?"

"दादांना दिसतं तसं इथंच दिसतं, वहिनी," ती म्हणाली. "बघ. हा फेस काढला की दोन चौकोन कमी होतात. काठाजवळच्या बारीक लाटा काढल्या की आणखी कमी होतात."

मी बघतच राहिले. जे पाणी तिनं परातीत बोट बुडवून बुडवून शिकून घेतलं होतं, ते ती एकेक लाट करत पुसत होती, का, तर दादांच्या घरी वाय-फाय पोचत नाही म्हणून. आत कुणीतरी पाणी सोडलं. चिंगीनं नाकाला ओढणी लावली आणि दुसऱ्या हातानं एक भोवरा काढून टाकला.

"चिंगे, पाणी ठीक आहे. पाइप फुटलाय त्यांच्या घरचा."

"मग पाइप दुरुस्त कर ना. तोवर मी काय करू? हात जोडून बसू?"

"गुरुवारी करतेच आहे. तोवर ही सपाट नदी तुझ्यापाशी ठेव. दादांच्या कन्सोलवर तुझी खरी नदीच राहू दे. मी चित्र स्वच्छ करून त्यांना तीच दाखवते. स्वतःच्या पडद्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. मग कोण खळ म्हणतो ते बघू."

तिनं लॅपटॉप मिटला. मग "बरं," म्हणाली. मला वाटलं, जिंकलो आपण.

गुरुवारी दुपारी मी पिशवीत लांबलचक वायर, पकड आणि फडकं घेऊन दादांच्या घरी गेले. दाराची मूठ चिकट होती. कशानं, ते मी विचारलं नाही. आत दादांची आई सोफ्यावर बसून मालिका बघत होती. तिनं पाण्याचा ग्लास आणून दिला, चारी बोटं आत पाण्यात बुडवून. मी तहान गिळली.

"कन्सोल कुठाय, आजी?"

"तो गुरगुरणारा डबा ना? टीव्हीखालच्या कपाटात. त्याच्या गुरगुरण्यानं मला सुनेचं बोलणं ऐकू येत नाही." सून म्हणजे मालिकेतली. "म्हणून मी त्याला पांघरूण घातलंय."

कपाटाची दारं बंद होती. आत खरंच एक जुनी चादर दुहेरी करून कन्सोलवर घातली होती. ती ओढली आणि जो गरम, आंबूस भपकारा आला त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कन्सोलच्या डोक्यावर दुधाची साय वाळून पिवळी पडलेला पेला होता. शेजारी एकच मोजा, ताठ झालेला. नेलकटर आणि त्यानं कापलेलं सगळं. मागच्या जाळीत धूळ आणि केस यांचा असा गालिचा जमला होता की कन्सोल श्वास कुठून घेत होता कोण जाणे. हात मागं घातला तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. केळ्याचं साल, काळं पडून कपाटाला चिकटलेलं, आणि त्याच्यावर उताणं पडून मेलेलं एक झुरळ. मी हात बाहेर काढला आणि बराच वेळ तो स्वतःपासून लांब धरून उभी राहिले. हा माणूस, या कपाटातून आलेल्या चित्राकडं बघून म्हणतो, मला मळमळलं.

"काढ गं बाई तो कचरा," आजी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. "तो कुणाला हात लावू देत नाही आणि स्वतः लावत नाही."

मी काढला. जाळी साफ केली, कन्सोल कपाटाबाहेर मोकळ्या हवेत ठेवला. राउटर फ्रिजवर होता, रिकाम्या बरण्यांच्या मागं लपलेला. तिथून एक वायर कन्सोलला आणली आणि दुसरी भिंतीकडेनं दादांच्या खोलीत नेली, म्हणजे चित्राला आता हवेतून यायची गरजच उरली नाही.

दादांची खोली म्हणजे बंद खिडकी, ओढलेला पडदा आणि घामाचा वास. कीबोर्डच्या फटींत केस आणि चिवट काहीतरी. दादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "दादा, तिकडं बसा," मी म्हटलं. आधी ओल्या फडक्यानं पडदा पुसला. फडकं तपकिरी झालं. चित्र निम्मं तर तिथंच सुधारलं.

मग आत बघितलं तर कॉम्प्युटर एकीकडं धडाधड काहीतरी उतरवून घेत होता. सिनेमे, आणि चोरलेले खेळ, दुसऱ्या कंपन्यांचे. दर महिन्याला हाच माणूस आम्हाला उभं करून भाषण देतो की फुकटे लोक आपल्या पोटावर पाय देतात.

"दादा, हे काय?"

"ते अभ्यासासाठी गं," म्हणून ते हसले. डोळा मारला. मला वाटलं, ते फडकं त्यांच्या तोंडात कोंबावं.

मी ते सगळं उतरवणं थांबवलं. चित्राचा दर्जा आपोआप ठरत होता, म्हणजे वाय-फाय रडलं की तोही खाली बसायचा. तो मी हातानं सगळ्यात वरचा लावला. चित्र उलगडायचं काम कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाकडं दिलं. आणि खेळ सुरू केला.

काय सांगू, अंगावर काटा आला. नावाड्याची झोपडी, तिच्या कुडाची काडी न् काडी सुटी दिसत होती. नावेच्या दोराची वीण दिसत होती. म्हाताऱ्याच्या भुवईतला एक लांब पांढरा केस वाऱ्यानं हलत होता. कुठं चौकोन नाही, अडखळणं नाही. दादासुद्धा पुढं वाकले. मी मनात म्हटलं, आता बघ, दाखवते तुला खळ.

नाव घाटाबाहेर पडली आणि नदी आली.

मी आधी वायर तपासली. मग दर्जा बघितला, तो सगळ्यात वर होता. मग कन्सोलची वायर हलवून आले. परत येऊन पडद्याजवळ तोंड नेऊन बघितलं. चित्रात कसलाच दोष नव्हता. पाणीच तसं होतं. सपाट, निळं, फरशीवर मेणकापड पसरावं तसं. फेस नाही, भोवरा नाही, काठाशी लाट नाही. संडासापुढच्या बोळातलं पाणी. चिंगीनं ते सकाळीच ऑफिसातून दादांच्या कन्सोलवर पाठवून दिलं होतं, मला न सांगता.

दादांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात नदी! बघितलंस? एकदा ओरडलो आणि काम झालं. तुम्ही लोक ऐकत नाही, पण मला कळतं ना. कसं स्वच्छ, शांत पाणी!"

"दादा, चित्र सुधारलंय. पाणी बिघडलंय," मी म्हणाले. "आधीची नदी आता लावून बघू. आता ती नीट दिसेल. फक्त एकदा बघा."

"आधीची? ती खळ? नको बाई." त्यांनी नाव पुढं घेतली आणि ती खडकावर आपटली. माणसं बुडाली. पुन्हा घेतली, पुन्हा आपटली. तिसऱ्या वेळी त्यांनी कंट्रोलर ठेवला, करंगळी नाकात घातली आणि विचार केला. "खडक कुठाय ते कळत नाही. एक काम करू. खडकांवर लाल बाण लावू. मोठे, लुकलुकणारे."

मी तिथंच चिंगीला फोन लावला आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. वाटलं, दादांच्या तोंडावर ती स्वतः सांगेल, मग तरी ऐकतील. "चिंगे, दादांकडं चित्र आता अगदी आरशासारखं आलंय. तुझी आधीची नदी पाठव, आत्ता, लगेच."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "दादा आहेत तिथं?"

"आहे, आहे," दादा ओरडले. "शाब्बास चिंगे! झकास झालीय नदी! आता फक्त खडकांवर लाल बाण लावायचे!"

"थँक्यू दादा," चिंगी म्हणाली. आवाज अगदी गोड. "तुमचंच बरोबर होतं. आधीची खळीसारखीच होती. तुम्ही बोललात म्हणून झालं."

दादांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी वायरींची पिशवी उचलली आणि बाहेर पडले. आजीनं मागून "पाणी तसंच राहिलं गं" म्हटलेलं ऐकू आलं. रस्त्यावर नळ दिसला तिथं मी हात धुतले, कोपरापर्यंत, पण झुरळाचं आता काही वाटत नव्हतं. ओकारी येत होती ती त्या गोड आवाजाची.

ऑफिसात पोचले तर ती आपल्या जागेवर होती. संडासापुढं जायची गरज संपली होती आता. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. तिचे डोळे सुजलेले बघितले आणि निम्मं बळ गेलं.

"का केलंस?"

"सकाळी मास्तर सांगून गेले, विकतचं पाणी बघून ठेवलंय म्हणून. मला भीती वाटली."

"आणि खळ म्हणालीस ती? स्वतःच्या तोंडानं?"

ती पडद्याकडं वळली. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. "हे बघ, सर्व्हरवर तुझी नदी जशीच्या तशी आहे. मी आत्ता परत काढून देते. उद्या टेस्टिंगच्या खोलीत दादांना हाताला धरून नेते. सर्दी झाली तर होऊ दे."

"नको, वहिनी."

"अगं, एका मिनिटाचं काम आहे."

"म्हणूनच नको." तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "परत दिसली तर मला ती लावावीशी वाटेल. मग परत सगळ्यांसमोर उभं राहायचं, परत ते सगळे माना हलवणार. माझ्यात नाही तेवढा दम. तू ती काढून टाक. सर्व्हरवरूनही."

मास्तर तिकडून चहाचा कप घेऊन आले, तिच्या पाठीवर थाप मारली, "मी म्हटलंच होतं, चिंगीला जमणार," म्हणाले आणि पुढं गेले. तिनं मान वर करून त्यांना हसून दाखवलं. अगदी बाकीचे हसतात तसं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं, आणि या दोन्हींतलं मी काहीच केलं नाही.

"वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "बाणांचं काय म्हणाले दादा? लालच ना?"